पद्मिनीला बोअरचं पाणी

"सापडलं का?" आबांनी फोनवर विचारलं आणि मी "न्हाई अजून" म्हणाले. सापडलं होतं. माझ्या डाव्या तळहातावरच होतं ते. पांढरं, खडबडीत, खडूपेक्षा जड, एका अंगानं गंजून तांबूस झालेलं. नांदेडला आमच्या घरासमोर लिंबाच्या सावलीत पद्मिनी उभी होती, बॉनेट उघडं, बॅटरी काढून ओट्यावर ठेवलेली. इंजिनाच्या ब्लॉकच्या कुशीला वाटीएवढी पत्र्याची गोल झाकणं ठोकून बसवलेली असतात. त्यातलं शेवटचं, चौथ्या सिलिंडरजवळचं, मी नुकतंच काढलं होतं. झाकण निघालं की आतून पाणी भळकन यायला पाहिजे. आलं नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून टोकरलं तेव्हा हा खडा निघाला, आणि त्याच्यामागं आणखी तसंच, गच्च बसलेलं, पाण्याला जायला वाटच नाही. "बरं, बग सावकाश," आबा म्हणाले, "जेवलीस का?" मी जेवले म्हणाले. तेही खोटंच, पण ते खोटं सगळेच बोलतात. पहिलं खोटं मात्र माझ्या तोंडातून कसं निघालं ते माझं मलाच कळलं नाही. फोन ठेवला आणि तो खडा हातात घेऊन मी गाडीच्या टायरला टेकून खाली बसले. समोरून जाणाऱ्या शेजारच्या बाईंनी "काय मॅडम, थकलाव का?" म्हणून विचारलं. मी हाव म्हणाले.

खोटं बोलायची मला सवय नाही आणि त्याचा मला जरा माजही आहे. वीज कंपनीत मी टेस्टिंगला आहे. ट्रान्सफॉर्मर का उडाला, जमिनीखालची केबल नेमकी कुठं गेली, हे शोधायचं माझं काम. लोकांना कारण नको असतं, लाइट पाहिजे असते, हे माहीत असूनही कारण हातात आल्याशिवाय मी जागची हलत नाही. ऑफिसात माझ्या माघारी मला मेगर म्हणतात. मेगर म्हणजे वायरीवर दाब देऊन गळती कुठं आहे ते बघायचं यंत्र. म्हणू देत. नवरा शाळेत मास्तर आहे, आनंदराज नाव, स्वभावानं गरीब. तो म्हणतो, तुझ्यासमोर शिंकायची सोय नाही, लगेच कुठून आली विचारतीस. पद्मिनी लातूरहून घरी आणली तेव्हा त्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली, हात जोडले आणि म्हणाला, "या सवतबाई." मग दर रविवारी मी काळ्या हातांनी जेवायला आले की, "काय म्हणतीय सवत? ताप उतरला का?" हसू यायचं. पण ताप उतरत नव्हता ही गोष्ट खरी होती.

गाडी आबांची. आबा पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. सगळा जन्म दुसऱ्याची गाडी चालवली, मागच्या सीटवर साहेब, पुढं हे. रिटायर झाल्यावर उदगीरच्या एका डॉक्टरची ही बिस्किटाच्या रंगाची पद्मिनी त्यांनी घेतली, आणि पहिल्या दिवशी मायला मागच्या सीटवर बसवून लातूरभर फिरवली. "पुढं बसते की," माय म्हणाली. "तू गप बस मागं, साहेबीण हाईस आज," आबा म्हणाले. माझी माय, नागुबाई, जन्मभर पायी चाललेली बाई, ती मागच्या सीटवर अंग चोरून बसली आणि ओळखीचं कुणी दिसलं की खाली वाकायची. ते आठवलं की अजून पोटात गोड दुखतं. माय जाऊन दोन पावसाळे झाले. आबांच्या डोळ्यांचं काम निघालं, डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, आणि त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. लातूरहून नांदेडला आणताना अहमदपूरच्या पुढं चढाला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. लोह्याला पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ. चहाच्या टपरीवरची चार माणसं लगेच गोळा झाली आणि चौघांनी चार कारणं सांगितली. एकजण तर म्हणाला, "मॅडम, इकून टाका." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहाचे पैसे देऊन निघूनच गेला.

तेव्हापासून हे चालू झालं. ऑफिसात जसं करते तसंच केलं, एकेक शक्यता बाद करत जायचं. गॅस्केट फुटलं असेल तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइल दुधासारखं होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. बुडबुडे नव्हते, ऑइल काळंच होतं, धूर नव्हता. मग पंख्याचा पट्टा बघितला, ताठ होता. थर्मोस्टॅट काढून भाजीच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला, मासोळीनं तोंड उघडावं तसा व्यवस्थित उघडला. त्या पातेल्यात परत भाजी करायची नाही म्हणून सासूबाईंनी ते मलाच देऊन टाकलं. टायमिंग बघितलं. देगलूर नाक्याचा पंढरी मिस्त्री दोनदा घरी येऊन गेला. मोठा प्रेमळ माणूस, पण त्याचं बोट दर वेळी नव्या पार्टवर. आधी पंखा म्हणाला, मग कार्बोरेटर, मग रेडिएटर. रेडिएटर काढून सळई मारून साफ करून आणला, त्यातून थोडी पांढरी भुकटी निघाली, थोडा फरक पडला, आणि असना पुलापर्यंत जाऊन यायच्या आत काटा परत लाल. मजा म्हणजे गार असताना गाडी इतकी गोड चालायची की मलाच संशय यायचा, आपणच उगं खोड काढतोय. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र एक वास यायचा, तापलेल्या रंगाचा. तो वास मला कुठला तरी ओळखीचा वाटायचा. मायच्या डायलिसिसच्या खोलीबाहेर भिंतीला लागून एक जुनी मोटर चालायची, तिला असाच वास होता. मी तिथं बाकावर बसून त्या मोटरीकडं बघत राहायची आणि हिचं बेअरिंग चाललंय असं मनात म्हणायची, कारण आत मायकडं बघायचं धाडस नव्हतं. आपलं डोकं कुठं कुठं पळून जातं, काय सांगावं.

आबांचा फोन रोज. आधी आठवड्यातून एकदा करायचे, आणि तोही आनंदराजला. गाडी आल्यापासून रोज संध्याकाळी मलाच. "सापडलं का?" मग त्यांचे सल्ले, "पट्टा बगितलीस? पंख्याचं पातं वाकडं असंल बग. टोपीचा रबर बदल." मला बरं वाटायचं. माय गेल्यापासून आम्ही दोघं इतकं कधी बोललोच नव्हतो. ते सगळं विचारायचे, फक्त एक सोडून. पाण्याचं त्यांनी कधीच विचारलं नाही. गाडी तापते म्हटल्यावर रस्त्यावरचं शेंबडं पोरही आधी पाणी बघितलं का म्हणेल, आणि जन्म जीपवर घातलेला माणूस पाण्याचं नाव काढत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लगेच आलं असतं.

पाणी लातूरच्या घरच्या बोअरचं. ते बोअर म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात मानाचं माणूस. आबांचं गाव जळकोटकडचं. आबा लहान असताना त्यांची माय घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. कुणी ओतायचं, कुणी नाही. आबा हे कधी रागानं सांगत नाहीत. "ऊन लई असायचं," एवढंच सांगतात. पुढं नोकरी लागली, लातूरला वस्तीत प्लॉट घेतला, आणि घराच्या भिंती उठायच्या आधी त्यांनी अंगणात बोअर मारलं. मी तेव्हा शाळेत होते. मशीनचा आवाज, धुरळा, कोरडी राखाडी भुकटी, आणि संध्याकाळच्या सुमारास एकदम चिखल उडाला. आबांनी ओंजळ भरली, प्याले आणि ओरडले, "गोड लागलंय, गोड!" मग सगळ्या गल्लीनं चव घेतली. मचूळ होतं. खारट म्हणावं असं. पण कुणी बोललं नाही, सगळे गोडच म्हणाले, आणि आमच्या घरात ते जन्मभर गोडच राहिलं. साबणाला फेस यायचा नाही, बंबाच्या नळीत पांढरं बसायचं, तरी गोड. "आपल्या घरचं पाणी हाय. कुणाला इचारायची गरज न्हाई," आबा म्हणायचे. गल्लीतल्या कुणालाही, कुठल्याही जातीच्या माणसाला, ते आमच्या नळावर घागर भरू द्यायचे आणि स्वतः बाजूला उभे राहून बघायचे. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे असायचं ते मी दुसऱ्या कशानंही आलेलं बघितलं नाही, गाडीनंसुद्धा.

म्हणून गाडीला तेच पाणी. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की आबा तांब्या घेऊन रेडिएटरची टोपी उघडायचे. कुठंतरी बारीक झिरपत होतं, रोज थोडं कमी व्हायचं, रोज थोडं घालायचे. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात. रोजचा थोडा थर, किती वर्षं कुणाला ठाऊक. नळाचं पाणी कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा यायचं. ते ड्रममध्ये झाकून ठेवलेलं. ते गाडीला घालायचं म्हणजे पाप. एका वर्षी तर लातूरला रेल्वेनं पाणी आलं, लोक घागरीसाठी डोकी फोडत होते. पिण्याचं पाणी गाडीला ओतणारा माणूस लातुरात सापडणार नाही, आणि सापडला तर लोक त्याला जागेवर धरतील. पुण्यात गाडीला चांगलं पाणी घालतात, बाटलीतलं हिरवं घालतात. आमच्याकडं चांगल्या माणसानं हीच चूक केली असती. आबांनी ती मायेनं केली, टोपी लावून झाली की बॉनेटवरून हात फिरवायचे, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आणि नळाचं पाणी कमी असलं की माय तेच बोअरचं प्यायची. ड्रममधलं आम्हाला, आबांना, पाव्हण्यांना. स्वतः तांब्या घेऊन अंगणातल्या नळावर. मी ओरडले होते एकदा, तर म्हणाली, "गोड हाय की गं. तुझ्या आबाला इचार." आबा तिथंच बसले होते. हसले. तिला साखर होती, पंधरा-वीस वर्षं होती, गोळ्या कधी घ्यायची, कधी विसरायची. मूत्रपिंडं साखरेनं गेली. डॉक्टरांनी तसं सांगितलं, फाइल मी ओळ न् ओळ वाचली आहे, माझ्याइतकं कुणी वाचलं नसेल. मला शंका नाही. पण आबांना काय सांगणार? तांब्यातलं जे पाणी गाडीला घातलं त्यानं लोखंडाच्या वाटा बुजल्या असं ऐकलं, की तो माणूस गाडीपाशी थांबणार आहे का? तो सरळ मायपाशी जाणार. मग त्या अंगणात, त्या बोअरशेजारी, एकट्यानं कसे दिवस काढणार? टायरला टेकून बसले तेव्हा हेच सगळं डोक्यात होतं. मेलेल्या बाईचं काही बिघडणार नव्हतं. गाडीचंही बिघडणार नव्हतं, ब्लॉक उघडून तेजाबात उकळून साफ होतो. बिघडणार होतं ते आबांचं.

पंढरीला खडा दाखवला तर त्यानं तो दाताखाली धरून बघितला, अगदी खरंच. थुंकला आणि म्हणाला, "लातूरचं दिसायलंय." मी त्याला सांगितलं, आबांना कसं सांगू. त्यानं क्षणभर विचार केला नाही. "पंप गेलता म्हणा की मॅडम! पाण्याचा पंप. तो काय कोर्टात येनार हाय का साक्षीला?" आनंदराजही तेच म्हणाला, जरा सभ्य भाषेत. म्हातारा माणूस आहे, कशाला. मलाही पटलं. दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती, लातूरची एसटी धरली. खिडकीतून सोयाबीनची रानं सरकत होती आणि मी ओठातल्या ओठात म्हणत होते, पंप गेला होता आबा, पाण्याचा पंप. शेजारची बाई माझ्याकडं बघून जरा सरकून बसली. सोपं वाक्य होतं. आयुष्यात शेकडो फॉल्टची कारणं लिहिलीत, त्यात कुणाला वाचवायला एक चुकीचं लिहिलं असतं तर काय झालं असतं, असंही स्वतःला म्हणून बघितलं. चाकूर आलं तेव्हा वाक्य पाठ झालं होतं.

आबा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. डोळ्याला हिरवा चष्मा, बोटांनीच चाचपून सोलत होते, सालं धोतराच्या सोग्यात. मी पाया पडले. पाणी प्याले, घरातलं, जारचं; आता जार येतो. "गाडीनं न्हाई आलीस," ते म्हणाले.

"ब्लॉक उघडलाय तिचा."

"म्हंजे सापडलं."

"हाव. पंप गेलता आबा. पाण्याचा पंप."

त्यांनी मान हलवली. पुढची पाकळी घेतली. "काय झालतं पंपाला? बेरिंग गेलतं का आतलं पातं झिजलतं?" काही संशयानं नाही, ड्रायव्हर माणूस, सहज विचारलं. मी पातं म्हणायला तोंड उघडलं. दोन अक्षरांचा शब्द. तो काही केल्या बाहेर आला नाही. मला वाटलं हा माणूस उद्यापासून रोज मला त्या पात्याबद्दल विचारणार, आणि मी रोज त्याला नवीन पातं करून देणार, आणि आमचं जे काही बोलणं सुरू झालं होतं ते सगळं त्या नसलेल्या पात्यावर चालणार.

"पंप न्हाई," मी म्हणाले. "क्षार बसलेत. बोअरच्या पाण्यानं. चौथ्या सिलिंडरपाशी वाटच बुजलीय. पंप मी उगं म्हणले."

ते पाकळीचं साल नखानं काढत राहिले, ती पाकळी तर आधीच सोललेली होती. रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली. माझा तोंडाळपणा मला भोवतो तो असा. मी घाईघाईनं म्हणाले, "मायचं त्याच्यानं न्हाई झालं आबा. तिला साखर होती. डॉक्टर म्हणले की. गाडीचं येगळं, मायचं येगळं."

"मी इचारलो का तुला मायचं?"

मी खाली सांडलेली सालं वेचायला लागले. 

"रोज फोन करून मी गाडीचं इचारायलो," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, रस्ता सांगावा तसा. "तुला बी कळालं न्हवं, मी काय इचारायलो ते?"

"आबा, मी फाइल वाचलीय सगळी. पाण्याचा काही संबंध न्हाई. खरंच न्हाई."

"गाडी तू उघडून बगितलीस," ते म्हणाले. "तवा तुला कळालं. त्याच्या आदी तुझा मिस्त्री बाहेरून पंखा म्हणला, कार्बोरेटर म्हणला, तूच सांगत हुतीस. तिला कोण उघडून बगितलंय?"

मला उत्तर होतं. रक्ताचे आकडे होते, तपासण्या होत्या, माणूस आणि इंजिन यात फरक असतो हे होतं. सगळं बरोबर होतं आणि अजूनही माझं मत तेच आहे. पण मी नुसती मुलगी म्हणून नाही, टेस्टिंगची बाई म्हणूनही त्यांच्याकडं बघितलं, आणि मला मान्य करावं लागलं की मी पैज लावीन इतकी खात्री आहे, पण बघितलेलं नाही. त्या तांब्यांनी काहीच केलं नसेल हे मी शपथेवर सांगू शकत नव्हते.  मला त्यांचा राग आला, मायचाही आला, की बाई, ड्रममधलं प्यायला काय झालं होतं तुला.

"मग काय म्हणू मी आबा? त्या पाण्यानं गेली म्हणू?"

"न्हाई. तसं म्हणू नको." त्यांनी चष्मा काढला. डोळे उन्हाला मिटून घेतले. "समदे आले, समदे म्हणले, नरसिंग, तुझी काय बी चूक न्हाई. भंतेजी म्हणले, तुझा नवरा म्हणला. एक बी माणूस माहीत न्हाई म्हणला न्हाई. तू म्हण. तू तपासनीस हाईस. न्हाई म्हणू नको, माहीत न्हाई म्हण."

मी त्यांच्याजवळ ओट्यावर सरकले. लसणाचा वास येत होता.

"माहीत न्हाई, आबा," मी म्हणाले.

"मला बी न्हाई," आबा म्हणाले, आणि माय गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.